पातेल्यातल्या नाशपात्या

तिला सगळे मुळंताई म्हणत. हे नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. रोपवाटिकेत नवा स्वयंसेवक आला आणि एखाद्या रोपाच्या पानांकडे बघून 'वा वा' करायला लागला की ही मागून यायची. "वर काय बघताय, लग्नातले कपडे बघितल्यासारखं? मुळं बघा, मुळं." मग त्याच्या हातातली कुंडी घेऊन, उलटी करून, बुडावर एक थाप मारून मातीचा गोळा त्याच्याच ओंजळीत ठेवायची. काहींना हे फार आवडायचं. काही जण पुढच्या रविवारी यायचेच नाहीत, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे.

तिची सगळी नोकरी इस्पितळात गेली, शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, उकळून, बांधून देण्याच्या खात्यात. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. निवृत्त झाल्यावर ती मोठ्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आली आणि आठवड्याभरात भावाच्या रोपवाटिकेतल्या सगळ्या कुंड्या घासून काढून तिनं पालथ्या घातल्या. वहिनी म्हणाली, "बरं झालं आलीस. आता निदान माझी भांडी तरी तुझ्या नजरेतून सुटतील."

भाऊ, म्हणजे दादा, भूमापक होता. जमिनी मोजण्यात जन्म गेला. गावाबाहेरची बंद पडलेली दगडाची खाण मोजायला गेला असताना खाणीच्या वरच्या उतारावर त्याला एक झुडूप दिसलं. राखेच्या रंगाची पानं, मोहरीएवढी पांढरी फुलं. चौकशी केल्यावर कळलं की पूर्वी हे झुडूप या भागात सगळीकडे असायचं आणि आता फक्त याच उतारावर उरलंय. शास्त्रीय नाव लांबलचक होतं, म्हणून सगळे त्याला राखाडी म्हणायला लागले. दादा त्या राखाडीच्या नादाला लागला तो लागलाच. बी गोळा कर, पेर, मरू दे, परत पेर. कित्येक वर्षं एक रोप धड जगेना. मग जगायला लागली. मग लोक बघायला यायला लागले, आणि बघायला आलेल्यांच्या हातात खुरपी देऊन दादानं त्यांचे रविवार घेतले. अशा कार्यशाळा सुरू झाल्या. बी कसं साफ करायचं, फांदी कुठे छाटायची, माती कशी भाजायची, हे सगळं हातानं करून शिकायचं, नुसतं ऐकायचं नाही.

बोलायचं काम दादाचं. धुवायचं मुळंताईचं. रोपवाटिकेच्या फाटकात तिनं औषधाच्या पाण्याचा एक पसरट ट्रे ठेवला होता आणि शेजारी दांड्याचा ब्रश. रोपवाटिकेतून उताराकडे जाताना आणि उतारावरून परत येताना बुटांचे तळ घासल्याशिवाय कुणालाही सोडायची नाही. झाडांचे आजार मातीतून चालतात आणि माती माणसाच्या बुटांतून चालते, एवढं तिला एका पाहुण्या रोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं होतं, आणि ते तिला इस्पितळातल्या कुठल्याही नियमासारखं पटकन पटलं होतं. स्वयंसेवकांमध्ये एक निवृत्त बसचालक होता, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. तो दर वेळी कुरकुरायचा, "ताई, देवळात जातानासुद्धा बूट काढले की भागतं हो." पण घासायचा.

शेवटी लागवडीचा रविवार उजाडला. जमिनीत ओल होती, आकाश ढगाळ होतं, रोपं हातभर झाली होती. आणखी थांबलं तर कुंड्यांत मुळांचा गुंता झाला असता. उतारावर खड्डे खणून तयार होते. उरलेल्या जुन्या राखाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत ही नवी रोपं लागणार होती, म्हणजे उतार पुन्हा भरणार होता. दादानं नवा शर्ट घातला होता. कॅप्टनच्या टोळीनं क्रेट उचलले आणि ते पुढे निघाले. बाकीचे रोपवाटिकेत थांबले, कारण लागवडीआधीचं शेवटचं प्रात्यक्षिक मुळंताई दाखवणार होती.

"लावायच्या आधी प्रत्येकानं एकदा तरी मुळं बघायची," ती म्हणाली. समोरची पहिली कुंडी तिनं उचलली, उलटी केली, थाप मारली. मातीचा गोळा तळहातावर आला.

मुळं पांढरी नव्हती. चहाचा डाग पडावा तशी तपकिरी होती. तिनं चिमटीत एक मूळ धरून हलकंच ओढलं, तर त्याची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला.

तिनं तो मातीचा गोळा हातातच ठेवला, दुसऱ्या हातानं शेजारची कुंडी घेतली. ती ठीक वाटली. तिसरीत पुन्हा तेच. बघणाऱ्यांना काही कळत नव्हतं, ते आपले मोबाइलवर फोटो काढत होते. पण दादा बघत होता. दोघांची नजरानजर झाली. दादानं मान किंचित हलवली. नको, आत्ता नको.

त्या क्षणी तिला खरंच वाटलं की गप्प बसावं. पाणी जास्त झालं असेल. आपण काय रोगतज्ज्ञ आहोत? भावाचं एवढ्या वर्षांचं काम, एवढे लोक, आणि आपण त्याच्याच घरात राहतो. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं, खोटं कशाला सांगा. आणि मग तिला वर जाणारे क्रेट दिसले. वर ज्या राखाड्या उभ्या होत्या त्यांच्याशिवाय जगात दुसरीकडे कुठेच राखाडी नव्हती. या कुंड्यांतली माती एकदा तिथल्या मातीला लागली की ती परत काढता येणार नव्हती.

मातीचा गोळा तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला, हात औषधाच्या पाण्यात बुडवले, बूट घासले आणि एक कोरी पिशवी घेऊन पळत सुटली. त्या वयाच्या बाईनं पळायला नको अशी पळाली.

"थांबा! कुंड्या खाली टेकवू नका!"

"मग काय डोक्यावर घेऊ?" वरून कॅप्टन ओरडला.

"डोक्यावर घ्या, पण जमिनीला लावू नका!"

लोक हसले. पण एक शिक्षिका आधीच खड्ड्यापाशी गुडघे टेकून बसली होती. तिनं कुंडी काढून क्रेटमध्ये टाकली होती आणि मातीचा गोळा दोन्ही हातांत धरून खड्ड्यावर नेला होता. मुळंताई तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबली, जसं झोपलेल्या बाळाच्या पाळण्यापाशी थांबावं. "बाळा, हलू नकोस. कणही सांडायचा नाही. मी पिशवी खाली धरते, तू हळूच सोड." गोळा पिशवीत पडला. खड्ड्याच्या काठावर काही सांडलं का, हे मुळंताईनं ओणवं होऊन, नाक जमिनीला लावून बघितलं. सांडलं नव्हतं.

तोवर दादा उताराच्या पायथ्याशी आला होता. धाप लागली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "पाणी जास्त झालंय, बाकी काही नाही. लावा तुम्ही."

लोक दादाकडे बघायला लागले, मग तिच्याकडे.

"नाही लावायचं," ती म्हणाली. "एकही नाही. सगळी खाली न्या."

अख्ख्या आयुष्यात तिनं भावाला चारचौघांत कधी खोटं पाडलं नव्हतं. दादाचं तोंड एवढंसं झालं. तो वळला आणि घरी गेला.

तपासणीला नमुने पाठवले, पण तिकडून उत्तर यायला बराच वेळ लागणार होता. रोगतज्ज्ञ बाईंनी एका कार्यशाळेत एक घरगुती चाचणी करून दाखवली होती. भांड्यात संशयित माती घ्यायची, वर पाणी ओतायचं आणि त्यात एक कच्ची, कडक, हिरवी नाशपाती सोडायची. मातीत तो मुळं कुजवणारा रोग असेल तर तो पाण्यातून फळावर चढतो आणि काही दिवसांत सालीवर तपकिरी डाग पडतात. नसेल तर फळ स्वच्छ राहतं. ही चाचणी तेव्हा सगळ्यांना गंमत वाटली होती.

आता ती गंमत वहिनीच्या ओट्यावर मांडली गेली. ओट्यावर जागा संपली तेव्हा खिडकीत, मग जेवणाच्या टेबलावर. प्रत्येक पातेल्यात रोपवाटिकेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यातली माती, आणि एकात, तुलनेसाठी, नुसतं पाणी.

"घरात एवढी फळं आणायची आणि एकही खायचं नाही," वहिनी म्हणाली. "आणि स्वयंपाक कशात करू? टोपीत?"

"वहिनी, थोडे दिवस. मी नवी घेऊन देईन."

"पातेल्यांचं सोड. हे जेवले नाहीत काल."

दादा जेवत नव्हता असं नाही, पण एकटा जेवत होता, सगळ्यांच्या आधी, पातेल्यांकडे पाठ करून. स्वयंसेवकांच्या मोबाइलवरच्या गटात कॅप्टननं लिहिलं होतं की एका माणसाच्या भीतीपायी सगळ्यांचं वर्ष पाण्यात गेलं. त्याखाली बऱ्याच जणांनी सहमतीचे अंगठे टाकले होते. मुळंताईनं ते वाचलं आणि मोबाइल डब्यांच्या मागे सारून ठेवला.

एका संध्याकाळी दादा स्वतःहून बोलला. "तुझं खातं वेगळं होतं. तिथे जंतू म्हणजे शत्रू. सगळं उकळायचं, सगळं पुसायचं. ही झाडं आहेत, हत्यारं नाहीत."

"दादा, साल हातात आली माझ्या."

"पाण्यानंही येते."

"येत असेल. म्हणून तर बघतेय."

"माझ्या घरात राहून..." तो म्हणाला आणि थांबला. तिला मात्र पुढचं ऐकू आलंच, आणि ती तिच्या खोलीत जाऊन कॉटवर बसून राहिली. तिला भयंकर राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती. डाग पडले नाहीत तर ती खोटी, लागवडीची ओल हातची गेलेली, रोपं कुंड्यांत गुदमरून मरणार आणि भाऊ कायमचा तुटणार. डाग पडले तर ती खरी, आणि दादाची सगळी रोपं जाळायची. आयुष्यात पहिल्यांदाच ती मनापासून म्हणत होती, मी चुकलेली असू दे. लोकांनी हसू दे, कॅप्टननं काय वाट्टेल ते लिहू दे. सकाळी उठून ती पहिल्यांदा पातेल्यांपाशी जायची, एकेक फळ फिरवून बघायची, आणि हिरवंगार दिसलं की तिला आनंद व्हायचा आणि लगेच त्या आनंदाचीही भीती वाटायची.

डाग आधी वहिनीला दिसले. चहा करायला उठली होती. तिनं येऊन मुळंताईचं दार ढकललं. "पडलेत. खिडकीतल्यावर आणि टेबलावरच्यांवर. नुसत्या पाण्यातली चांगली आहे. तू बघ. मी ह्यांना सांगणार नाही, माझ्यानं होणार नाही."

दादा दाराशी येऊन उभाच होता. तो टेबलापाशी आला, एक नाशपाती उचलली, पाणी निथळू दिलं, डागावर अंगठा दाबून बघितला. कुजल्यासारखं मऊ नव्हतं, टणकच होतं, रोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं तसंच. त्यानं फळ परत पाण्यात ठेवलं. आता तो रडेल, ओरडेल, रोपांबद्दल काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. त्यानं बाहेरच्या पायरीवर ठेवलेल्या स्वतःच्या बुटांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"वरची माती आण," तो म्हणाला.

"वरची? उतारावरची? कशाला?"

"मी बसतो तिथली."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "दादा. तू बूट घासत होतास ना?"

"लोकांसमोर घासत होतो."

वहिनीनं गॅस बंद केला. दादा खालच्या आवाजात बोलत राहिला. रविवारी घासायचा. पण मधल्या दिवसांत, एकटा असला की रोपांना पाणी घालून तसाच वर जायचा, जुन्या राखाडीपाशी बसायचा. रोजचाच मी, माझंच झुडूप, मला कसलं घासायचं, असं त्याला वाटायचं. परक्यासारखं वाटायचं ते. तो परक्यांसाठी केलेला नियम होता.

तिच्या तोंडावर पुष्कळ शब्द आले. कॅप्टनसारखा कुरकुऱ्या माणूस घासत होता. कार्यशाळेला येणारी शाळेतली पोरं घासत होती. पण भाऊ असा उभा होता की त्याला बोलणं म्हणजे पडलेल्याला लाथ घालणं झालं असतं. तिनं सगळं गिळलं आणि नवे रबरी बूट घालून, हातमोजे चढवून वर गेली. तीन ठिकाणची माती घेतली. शेंड्याजवळच्या झुडपांखालची, मधल्यांखालची आणि सगळ्यात खालच्या, सगळ्यात जुन्या राखाडीखालची, जिथे गवत दादाच्या बसण्यानं दबलेलं होतं.

पुन्हा पातेली, पुन्हा नाशपात्या. या वेळी मात्र दादा समोर बसून राहिला. दोघं बोलत नव्हते, पण एकाच टेबलाशी होते. मधेच कॅप्टन भांडायला आला. टेबलावरची डागाळलेली फळं बघून त्याचा आवाज बसला. मुळंताईनं त्याला पहिल्या पातेल्यांचं सांगितलं, दुसऱ्यांचं फक्त "बघतोय" एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी जे लिहिलं..." ती म्हणाली, "ते राहू दे. कुंड्या जाळायला माणसं लागतील." त्यानं माणसं आणली. सगळी रोपं खाणीच्या कोरड्या तळाशी जाळली. दादा तिथे आला नाही. घरात, खिडकी लावून, पातेल्यांपाशी बसला.

काही दिवस गेले तरी शेंड्याजवळच्या मातीतली नाशपाती स्वच्छ राहिली. मधलीही राहिली. तिसरीवर आधी एक डाग आला, मग आणखी.

"फक्त खालची," मुळंताई म्हणाली. "दादा, पाणी खाली वाहतं. वर चढत नाही. वरची सगळी चांगली आहेत. तू पार शेंड्यापर्यंत का नाही गेलास कधी?"

"गुडघे," दादा म्हणाला. "वरपर्यंत जाववत नाही." आणि मग, स्वतःच्याच गुडघ्यांकडे बघत, "चांगले असते तर सगळा उतार मारला असता मी."

बाकीच्यांना वाचवायचं तर ते खालचं झुडूप मुळासकट काढायला हवं होतं. आजूबाजूची मातीही पिशव्यांत भरून न्यायची आणि तो पट्टा कुंपण घालून बंद करायचा, असं तज्ज्ञ बाईंनी फोनवर सांगितलं. पुढच्या रविवारची कार्यशाळा त्याचीच झाली. शिकवायचा विषय, रोगट झाड कसं काढतात. लोक आले. नेहमीपेक्षा जास्तच आले, आणि कुणी फोटो काढत नव्हतं.

ते सगळ्यात जुनं झुडूप होतं. खोड मनगटाएवढं, पानं अजून राखाडी, निरोगी दिसणारी. त्याला फुलंही होती. मुळंताईनं हातमोजे वाटले, जमिनीवर प्लॅस्टिक पसरलं, कोण कुठे उभं राहायचं ते सांगितलं. तेवढ्यात कॅप्टननं विचारलं, आणि त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, "पण ताई, हा रोग इथवर आला कसा?"

"बुटांवरून," ती म्हणाली.

"आपण तर सगळे घासतो. कुणाच्या?"

ती खाली बघून प्लॅस्टिकची कडा सरळ करायला लागली. खरं तर ती सरळच होती. उत्तर तिच्या जिभेवर होतं आणि तिला ते द्यायचं नव्हतं. या माणसानं तिला घर दिलं होतं. सगळे थांबले होते. शिक्षिकेनं वर बघितलं.

"माझ्या," दादा म्हणाला.

कॅप्टन दुसरीकडे बघायला लागला. आधी खोड कापायचं, मुळं मागाहून खणायची, असं ठरलं होतं. दादानं करवत मागितली. मुळंताईनं ती औषधात बुडवून त्याला दिली आणि स्वतः फांद्या धरल्या, झुडूप कलंडताना माती उडू नये म्हणून. खोड कठीण होतं. दादा कापत राहिला, थांबला, पुन्हा कापत राहिला. शेवटी खोड सुटलं, सगळं झुडूप तिच्या हातांत आलं आणि पांढरी फुलं तिच्या हातमोज्यांवर पडली. दादा तिथेच बसला आणि रडायला लागला, सगळ्यांसमोर, मोठ्यांदा, लहान मुलासारखा. तिनं त्याला उगी केलं नाही. झुडूप तिनं पिशवीत घातलं, तोंड बांधलं, आणि तो डोळे पुसायला हात वर करतोय असं दिसल्याबरोबर खाली वाकून त्याचं मनगट घट्ट धरलं.

"डोळ्यांना हात लावू नकोस, दादा," ती म्हणाली. "हातमोजे खराब आहेत. थांब, माझे काढून मी पुसते."